किल्ल्यातला मुक्काम

डॉन क्विक्झोट पहिल्यांदा घराबाहेर पडतो, तेव्हा संध्याकाळी त्याला रस्त्याकडेची एक साधी सराई दिसते. त्याला मात्र तिथे बुरूज दिसतात, खंदक दिसतो आणि सराईचा मालक चक्क किल्लेदार वाटतो. सेर्वान्तेसने १६०५ साली केलेला हा विनोद विसाव्या शतकात स्पेनच्या सरकारने उलटा करून दाखवला. खरेखुरे किल्ले घेतले आणि त्यांच्या सराया केल्या.

या सरकारी हॉटेलांना ‘पारादोर’ म्हणतात. मूळ क्रियापद ‘पारार’, म्हणजे थांबणं. आज स्पेनभर अशी शंभराच्या आसपास हॉटेलं आहेत. काही नव्या इमारतींत, पण बरीचशी जुन्या किल्ल्यांत, मठांत आणि सरदारांच्या वाड्यांत. माद्रिदला भाड्याची गाडी घ्यायची, घाई न करता हिंडायचं आणि रोज रात्री यातल्या एका ठिकाणी उतरायचं, ही अनेकांची स्वप्नातली सहल. आपण ती नकाशावर करू. फक्त प्रत्येक मुक्कामी एक प्रश्न विचारायचा: आपल्या आधी इथे कोण राहून गेलं?

पहिला मुक्काम ग्रेदोस. माद्रिदच्या पश्चिमेला, डोंगरात, पाइनच्या झाडीत. इथे किल्लाबिल्ला काही नाही. पारादोर म्हणूनच बांधलेली ही दगडी इमारत आहे. १९२० च्या दशकात स्पेनमध्ये मोटारी आल्या, रस्ते सुधारू लागले; पण आडगावात उतरायचं कुठे? जिथे नफ्याची खात्री नाही तिथे खासगी हॉटेलवाले जात नव्हते. मग सरकारनेच तिथे हॉटेल काढावं, ही कल्पना राजाने पर्यटनासाठी नेमलेल्या मार्क्विस वेगा-इन्क्लान यांची. तेरावा आल्फोन्सो शिकारीचा शौकीन. त्याने ग्रेदोसची जागा स्वतः निवडली आणि ९ ऑक्टोबर १९२८ ला तिथे पहिला पारादोर सुरू झाला. अडीच वर्षांत राजाला देश सोडावा लागला. हॉटेल राहिलं.

डोंगर उतरून दक्षिणेला आलं की ओरोपेसा. १९३० मध्ये इथल्या सरदारांच्या वाड्यात पारादोर निघाला. ऐतिहासिक वास्तूतला हा पहिला. हिशेब सरळ होता. ओस पडलेली वास्तू ढासळत जाते. माणसं राहू लागली की छप्पर शाकारलं जातं, भिंतींची डागडुजी होते आणि तिचा खर्चही थोडाफार निघतो. अनेक वास्तू अशाच वाचल्या, हे मान्य करायला हवं.

पण आपला प्रश्न विसरायचा नाही. ओरोपेसाच्या याच घराण्यातला फ्रान्सिस्को दे तोलेदो १५६९ मध्ये व्हाइसरॉय म्हणून पेरूला गेला. तीन वर्षांनी शेवटचा इंका राजा तुपाक आमारू याचा त्याने कुस्कोच्या चौकात शिरच्छेद करवला. पोतोसीच्या चांदीच्या खाणींसाठी तिथल्या गावांवर वेठबिगारीची पाळी बसवणारी व्यवस्था त्यानेच उभी केली. वाड्याच्या खिडकीतून डोंगर फार सुंदर दिसतात. पोतोसी तिथून दिसत नाही.

आता गाडी उत्तरेला, लेओन शहराकडे. नदीकाठी सान मार्कोसचा लांबच लांब, कोरीव दर्शनी भाग समोर येतो आणि माणूस बघतच राहतो. सांतियागोला पायी जाणाऱ्या यात्रेकरूंची ही जुनी विसाव्याची जागा. आजची भव्य इमारत सोळाव्या शतकात उभी राहू लागली. १६३९ मध्ये फ्रान्सिस्को दे केवेदो या मोठ्या कवीला राजाच्या हुकमाने इथे कोंडलं. १६४३ मध्ये तो सुटला, तो खचूनच; दोन वर्षांनी गेला. केवेदोची आठवण लोक कौतुकाने सांगतात. कवीची कोठडी म्हटलं की हॉटेलाला शोभाच येते.

पण जुलै १९३६ मध्ये यादवी युद्ध सुरू झालं आणि फ्रांकोच्या बाजूने सान मार्कोसची छळछावणी केली. १९४० पर्यंत हजारो कैदी इथे डांबले गेले. बाहेर नेऊन गोळ्या घातलेले, भुकेने आणि रोगाने मेलेले, असे कितीतरी. पुढच्या पंचवीस वर्षांच्या आत त्याच इमारतीत आलिशान हॉटेल उघडलं.

त्या काळात राजवटीला परकीय चलन हवं होतं आणि चांगला चेहरा हवा होता. १९६२ ते १९६९ या काळात पर्यटनमंत्री असलेल्या मान्वेल फ्रागाने पारादोरांची संख्या झपाट्याने वाढवली. जेत्यांना किल्ले हवे होते, सम्राट हवे होते. कैदी नको होते.

१९७५ मध्ये फ्रांको गेला. १९७७ च्या माफीच्या कायद्याने दोन्हीकडच्या राजकीय गुन्ह्यांवर पडदा टाकला. १९७८ मध्ये नव्या राज्यघटनेचा मसुदा करणाऱ्या समितीच्या बैठकी झाल्या, त्या ग्रेदोसच्या पारादोरमध्ये! सात जणांच्या त्या समितीत फ्रागा होता, आणि फ्रांकोच्या काळात परागंदा व्हावं लागलेला कम्युनिस्ट जोर्दी सोले तुराही होता. लोकशाही आली, पण त्यासाठी मोजलेली किंमत म्हणजे गप्प बसणं. ते मौन कायद्याने मोडायला २००७ साल उजाडलं.

शेवटचा मुक्काम सांतियागो. इथला पारादोर म्हणजे फर्नांडो आणि इसाबेला यांनी १४९९ मध्ये यात्रेकरूंसाठी बांधायला सांगितलेलं रुग्णालय. १९५४ पासून हॉटेल. चालत आलेल्या मोजक्या यात्रेकरूंना फुकट जेवू घालायची जुनी रीत हॉटेलने पुढे चालवली. म्हणजे वास्तूची आठवण जपता येते, हॉटेल चालवूनही जपता येते. फक्त कोणती जपायची, ते मालक ठरवतो.

२०१९ मध्ये महाराष्ट्रातले काही किल्ले हॉटेलांसाठी भाडेपट्ट्याने देण्याची बातमी आली, तेव्हा आपल्याकडे गदारोळ झाला. शिवरायांशी निगडित किल्ले त्यात नाहीत, असा खुलासा सरकारला करावा लागला. वाद तिथेच थांबला. उरलेल्या किल्ल्यांवर कोण राबलं, कोण कैदेत सडलं, हे कुणी विचारलं नाही. त्यांतले कितीतरी आज हॉटेलाविनाही ढासळत आहेत.

म्हणून स्पेनला गेलात तर पारादोरमध्ये जरूर राहा. सान मार्कोसच्या अंगणात कॉफी घ्या. मग सांगायला आलेल्या माणसाला केवेदोबद्दल विचारा, आणि तो सांगून झाला की १९३६ बद्दलही विचारा.