पर्वणीचे पाणी

मांडवा हे अलिबाग तालुक्यातले गाव. मुंबईहून समुद्रमार्गे तासाभराच्या अंतरावर. 2020 च्या मार्चपासून तर भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसुद्धा बोटीतून इथे उतरतात. याच पाण्यावर नजर ठेवण्यासाठी 1679 साली शिवछत्रपतींनी खांदेरी बांधायला घेतली, आणि पुढे आंग्र्यांची गलबते इथूनच फिरली. पण आज लढायांविषयी बोलायचे नाही, अंघोळीविषयी बोलायचे आहे.

समुद्रस्नान हे आपल्याकडे रोजचे नव्हे. पिंपळाला शनिवारी शिवावे, समुद्राला पर्वकाळी, एरवी दुरून नमस्कार करावा, असा जुना दंडक. म्हणून किनाऱ्यावर नाहणाऱ्यांची गर्दी व्हायची ती सोमवती अमावास्येला किंवा ग्रहणाला.

आता गंमत पाहा. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य नि चंद्र यांची ओढ एकवटते आणि समुद्राला उधाण येते. मग अशाच दिवशी पाण्यात का उतरायचे? किनाऱ्यावरच्या माणसांचा हिशेब घ्या. तिथीची पाऊणपट केली की ठोकळमानाने पूर्ण भरतीची वेळ निघते. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीपासून ओहोटी सुमारे सहा तासांवर. म्हणजे पर्वणीला पहाटे सव्वापाचच्या सुमारास पाणी ओसरलेले असते, आणि तिथून जवळजवळ दुपारपर्यंत ते किनाऱ्याकडे चढत राहते. सकाळी नाहणारा येत्या पाण्यात नाहतो.

उलट अष्टमी घ्या. आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाला भरती, आणि पुढे बारापर्यंत पाणी बाहेर चाललेले. भांगाचे पाणी म्हणून जोर कमी खरा, पण ओढ आत नेणारी.

पूर्वजांनी हे गणित मांडूनच दंडक घातला, असे मी म्हणणार नाही. पण पर्वणीला सारा गाव काठावर असे, पाण्याची नाडी जाणणारे कोळी जवळ असत, हे तर खरे? आजचा पाहुणा तिथी पाहून येत नाही, रविवार पाहून येतो. तो एकटाच खोल जातो, आणि ओहोटी त्याला सांगून येत नाही.

येते पाणीही निर्धोक नसते; पावसाळ्यात तर नाहीच नाही. म्हणून शिक्षकबंधूंनो, सहलीची तारीख ठरवताना पंचांग उघडा. पाऊणपटीचे उदाहरण फळ्यावर मुलांकडूनच सोडवून घ्या. आणि किनाऱ्यावर पोचलात की आधी कोळ्याला विचारा, मगच मुलांना पाण्यात पाय घालू द्या.