मालाडचे मनोरे आणि मध्यरात्रीची गिटार

मालाड स्थानकाच्या पश्चिमेला उतरून मार्वे रस्त्याने मालवणीच्या दिशेने निघालेल्या माणसाला खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात उभे असलेले आकाशवाणीचे प्रक्षेपण-मनोरे दिसतात. मुंबई केंद्राच्या मध्यमलहरी येथून आकाशात सोडल्या जातात. निवेदक बसे तो शहराच्या दक्षिण टोकाला, चर्चगेटच्या बाजूस, आणि तबकडीवर सुई टेकवली जाई तीही तेथेच. परंतु तो स्वर उत्तरेस मालाडपर्यंत आल्यावाचून मुक्त होत नसे, म्हणजे कुलाब्याच्या श्रोत्यापेक्षा कांदिवली-बोरिवलीचा श्रोता त्याच्या उगमाला किती तरी जवळ असे. मुंबईच्या उपनगरांत पाश्चात्य गिटारवादनाची आवड कशी रुजली याचा शोध घेताना ही भौगोलिक गोष्ट माझ्या मनातून जात नाही; कारण ज्या संगीताची दुकाने, हॉटेले, सभागृहे आणि श्रीमंत श्रोते सारे दक्षिणेत होते, ते संगीत उपनगरांना मिळाले ते रात्री, अंथरुणावर पडल्यापडल्या, आणि फुकट नव्हे तरी परवान्याच्या अल्पशा शुल्कात.

चर्चगेट-बोरिवली मार्गावर विजेची गाडी १९२८ सालीच धावू लागली होती, पण अंधेरी, घाटकोपर ही गावे बृहन्मुंबईच्या हद्दीत आली ती १९५० साली, आणि बोरिवली व मुलुंड यांचा समावेश त्यानंतर सात वर्षांनी, १९५७ साली झाला. महानगराचा कर भरू लागलेल्या या वस्त्यांना महानगराचे रात्रजीवन मात्र लाभले नाही. वाद्ये विकणारी फुर्तादोंची १८६५ सालापासूनची पेढी धोबीतलावला, तबकड्यांचे ऱ्हिदम हाऊस १९४८ पासून काळा घोड्याला, आणि वाद्यवृंद वाजत ते फोर्ट-कुलाब्याच्या हॉटेलांत. तेथे जायचे म्हणजे येताना शेवटच्या लोकलची चिंता आलीच. कारकुनाच्या पगारात हे बसण्यासारखे नव्हते. तेव्हा मुलुंडच्या वा बोरिवलीच्या मुलाने गिटार ऐकावी कुठे, या प्रश्नाला बराच काळ एकच उत्तर होते.

गिटारची जात या मुलखाला अगदीच परकी होती असे मात्र नाही. ही उपनगरे ज्यावर वसली आहेत ते साष्टी बेट १५३४ च्या तहाने पोर्तुगिजांच्या अमलाखाली गेले, आणि मराठ्यांनी १७३७ साली ठाणे व १७३९ साली वसई घेईपर्यंत तो अंमल टिकला. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांच्या माथ्यावरचे चर्चचे भग्नावशेष हा त्या काळाचा दाखलाच आहे. अंमल गेला तरी गावठाणांतील ख्रिस्ती वस्ती राहिली, आणि तिच्या लग्नकार्यांत व्हायोलिन, गिटार यांना स्थान राहिले. पुढे गोव्याच्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकून आलेले वादक मुंबईच्या हॉटेलांत आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रण-दालनांत स्थिरावले. परंतु शेजारच्या मराठी घरातून हे सूर ऐकू येत ते भिंतीपलीकडून, पाहुण्यासारखे. मराठी घराच्या आत गिटार शिरली ती वेगळ्याच रूपाने: मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी सरकवीत वाजवायच्या हवाईयन गिटारच्या रूपाने.

या कांडीत सारे रहस्य आहे. पडद्यांवर बोटे दाबून वाजवलेल्या गिटारमध्ये स्वर पायरीपायरीने येतात. कांडी सरकवली की एका स्वरातून दुसऱ्या स्वरात अखंड घसरण होते, आणि ज्या कानाला मींड ठाऊक आहे त्या कानाला ती घसरण ओळखीची वाटते. व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांनी विद्युत-गिटारवर चित्रपटगीतांच्या चाली वाजवल्या, त्यांच्या तबकड्या निघाल्या. कलकत्त्याच्या सुनील गांगुलींनीही तेच केले. नभोवाणीवर दोन कार्यक्रमांच्या मधली मोकळी मिनिटे भरण्यासाठी अशा तबकड्या लावीत, आणि त्या मिनिटांनी गिटारच्या नादाचे जेवढे श्रोते घडवले तेवढे एखाद्या मैफलीने घडवले नसतील. १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासमवेत ब्रिजभूषण काबरा यांची गिटार ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या तबकडीत ऐकू आली, तेव्हा या वाद्याच्या कुलशीलाविषयीचा उरलासुरला संशयही फिटला.

आता नभोवाणीकडे वळू. १९२३ च्या जूनमध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने हौसेने पहिले प्रसारण केले, आणि २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. त्याची शक्ती अवघी दीड किलोवॉट, आणि खात्रीचा पल्ला सुमारे तीस मैलांचा. बोरिवली त्या वर्तुळात बसत होती. तीन वर्षांच्या आत कंपनी बुडाली, कारभार सरकारने हाती घेतला, आणि १९३६ साली ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले. यंत्र घरी ठेवायचे तर टपालकचेरीत जाऊन वार्षिक शुल्क भरावे लागे. परवान्याची ती पुस्तिका पुष्कळ घरांत शिधापत्रिकेच्या शेजारी जपून ठेवलेली असे.

१९५२ साली माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या धोरणाने चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. केसकरांचा हेतू अशुद्ध नव्हता; अभिजात संगीत सामान्यांच्या घरी पोचावे ही त्यांची तळमळ खरी होती, आणि त्यांच्या कारकीर्दीत थोर गायकांना जो आश्रय मिळाला त्याचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु श्रोत्याला सक्तीने सुसंस्कृत करता येत नाही. त्याने यंत्राची खुंटी फिरवली आणि रेडिओ सिलोन गाठले. खुंटी फिरवण्याची ही सवय एकदा लागल्यावर ती ‘बिनाका गीतमाला’पाशीच थांबेल असे थोडेच होते! लघुलहरींच्या त्या पट्ट्यात सिलोनच्या अलीकडेपलीकडे बीबीसी होती आणि व्हॉइस ऑफ अमेरिका होती; १९५५ पासून विलिस कोनोव्हर यांचा जाझचा तास होता. विविध भारती १९५७ च्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि गीतांचा प्रश्न सुटला, पण तोवर उपनगरातल्या कित्येक कानांना दूरदेशीची चटक लागून गेली होती.

हे सारे रात्रीच का, याला भौतिकशास्त्राचे कारण आहे. दिवसा सूर्याच्या तेजाने वातावरणाच्या उंच भागात एक विद्युत्भारित थर तयार होतो आणि तो मध्यमलहरी, आणि काही अंशी लघुलहरीही, शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो, आणि त्याहून उंचावरच्या थरांवर आदळून त्या लहरी शेकडो मैल दूर जाऊन पडतात. म्हणून दिवसा मुके असलेले अंक रात्री बोलू लागतात. त्यात उपनगरांत रात्री अकरानंतर आणखी एक सोय होत असे: लोकल विरळ होत. लोहमार्गालगतच्या घरात गाडी गेली की यंत्रातून खर्रकन आवाज उठे, आणि तेवढा वेळ स्वर हरवून जाई. गाड्यांमधले अंतर वाढले की स्वराला सलगता येई.

आमच्या चाळीत, पहिल्या मजल्यावर, एक गृहस्थ राहत; गिरणीच्या कचेरीत हिशेबनीस होते. त्यांच्या खोलीत दोन भिंतींच्या खिळ्यांमध्ये एरियल म्हणून तांब्याच्या जाळीची चार बोटे रुंदीची पट्टी ताणलेली असे, आणि तिच्यापासून निघालेली तार खिडकीच्या गजाला वळसा घालून यंत्राच्या पाठीत शिरत असे. यंत्राच्या दर्शनी काचेमागे हिरवा दिवा लागे. त्याच्या उजेडात कोलंबो, लंडन ही नावे अंकांच्या शेजारी दिसत. घरातली माणसे झोपली म्हणजे ते यंत्रावर जाडी सतरंजी घालीत, कान अगदी जवळ नेत, आणि खुंटी केसभर इकडे, केसभर तिकडे करीत बसत. मला, आठ-दहा वर्षांच्या पोराला, तेथे बसण्याची मुभा होती ती एका अटीवर: बोलायचे नाही.

शनिवारी रात्री मुंबई केंद्राचा ‘सॅटर्डे डेट’ हा पाश्चात्य गीतांचा कार्यक्रम असे, आणि त्या रात्री सतरंजीची घडीही लवकर मोडे. गाणी पुष्कळ लागत, परंतु त्या गृहस्थांचे इंग्रजी हिशेबाच्या वह्यांपुरते होते, गाणाऱ्यांचे उच्चार निराळे, आणि मधे खरखर. शब्द हाती लागत नसत. गिटारला शब्द नव्हते. ‘द शॅडोज’ या इंग्रजी वाद्यवृंदाची ‘अपाचे’ आणि अमेरिकेतील ‘द व्हेंचर्स’ यांची ‘वॉक, डोन्ट रन’ या दोन्ही रचना १९६० च्या, आणि दोन्हींत गायक नाही. एक गिटार चाल सांगते, दुसरी लय धरते, तिसरी खालचे षड्ज-पंचम सांभाळते. ज्याने नाट्यसंगीताच्या पेटीवर चाली ऐकल्या आहेत त्याला हे समजायला भाषांतरकाराची गरज नव्हती. १९७० साली सान्ताना यांची ‘सांबा पा ती’ आली, तीत तर गिटार सरळ गळ्यासारखी गाते. रॉक संगीताचा इतिहास लिहिणारे गायकांच्या बंडखोर शब्दांना अग्रस्थान देतात. आमच्या उपनगरांपुरते बोलायचे तर हे संगीत शब्दांवाचून शिरले आणि शब्दांवाचूनच मुरले, असे माझे मत आहे.

ऐकणाऱ्यांतूनच वाजवणारे निघाले. १९७० आणि १९७१ साली सिमला बीट या रॉक वाद्यवृंदांच्या स्पर्धा झाल्या आणि त्यांतील निवडक वाद्यवृंदांच्या तबकड्या निघाल्या. त्या आज संग्राहक देशोदेशी शोधीत असतात. १९७२ साली लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत येऊन येथील वादकांबरोबर ध्वनिमुद्रण करून गेले. मराठी घरातून या क्षेत्रात आलेले सर्वांत ठळक नाव नंदू भेंडे यांचे. रंगकर्मी आत्माराम भेंडे यांचे हे चिरंजीव ‘वेल्व्हेट फॉग’ या वाद्यवृंदात गायले, १९७४ च्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये ज्युडास झाले, आणि १९७८ साली पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त त्यांचा तो गळा मराठी रंगभूमीवर उमटला. रॉकचा जोम मराठी शब्दांना पेलतो, हे त्या नाटकाने दाखवून दिले. पुढे त्या वाटेने फारसे कोणी गेले नाही याची मला मनापासून खंत आहे.

जे वाद्यवृंदात गेले नाहीत त्यांना चित्रपटाने सामावून घेतले. ‘कर्ज’ (१९८०) मधील ‘एक हसीना थी’च्या आरंभीची गिटार गोरख शर्मा यांची, ती चाल येत नाही असा हौशी वादक उपनगरांच्या गणेशोत्सवांत मला भेटलेला नाही, मग त्याला वाजवणाऱ्याचे नाव ठाऊक असो वा नसो. १९८४ साली ‘रॉक मशीन’ स्थापन झाले, त्यात महेश तिनईकर यांची गिटार होती. तोच वाद्यवृंद पुढे ‘इंडस क्रीड’ झाला. पवईच्या आयआयटीतील ‘मूड इंडिगो’ या विद्यार्थी-महोत्सवाने या संगीताला उपनगरातच रात्रभराचे व्यासपीठ दिले, आणि धोबीतलावच्या रंगभवनावर शांतता-क्षेत्राचे निर्बंध आल्यावर ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव थेट अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर येऊन ठेपला. म्हणजे ज्या संगीतासाठी एके काळी दक्षिणेस जावे लागे, ते स्वतःच लोकलच्या उलट दिशेने आले.

१९९३ च्या ऑगस्टमध्ये आकाशवाणीच्या एफएम वाहिनीवर खाजगी कंपन्यांना वेळ भाड्याने मिळू लागला, आणि २००२ साली मुंबईत स्वतंत्र खाजगी वाहिन्या आल्या. त्यांतील ‘गो ९२.५’ इंग्रजी गीतांना वाहिलेली होती. खरखर गेली, तारेवर बोट सरकल्याचा आवाजही ऐकू येऊ लागला. परंतु एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगराला वळसा घालीत नाहीत. बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत, तेव्हा पायथ्याच्या एखाद्या इमारतीत स्वर मिळवण्यासाठी अजूनही यंत्र घेऊन खिडकीशी जावे लागे, आणि मला त्यात जुन्या दिवसांचा काही अंश परत मिळाल्याचा आनंद होई. आज वॉरन मेंडोन्सा यांचे ‘ब्लॅकस्ट्रॅटब्लूज’ हे निव्वळ गिटारचे संगीत मुंबईचे म्हणून जगभर ऐकले जाते. ‘नाइट्स इन शायनिंग कर्मा’ ही त्यांची २००७ ची ध्वनिमुद्रिका मी प्रथम ऐकली ती मध्यरात्रीच, दिवा मालवून. दुसऱ्या वेळी ती ऐकायचे मला सुचलेही नसते.

चाळीतले ते गृहस्थ निवर्तले तेव्हा त्यांच्या मुलाने एक शंभर पानी वही माझ्याकडे दिली. तिच्यात तारीख, वेळ, कोणत्या मीटरवर, आणि पुढे चालीचे नाव अशी नोंद आहे. पुष्कळ ठिकाणी निवेदकाचा आवाज खरखरीत बुडाल्यामुळे नाव मिळालेले नाही, तेथे त्यांनी हिशेबनिसाच्या टापटिपीने चालीच्या पहिल्या दोन ओळींचे स्वर लिहून ठेवले आहेत, कोमल स्वरांखाली आडव्या रेघा ओढून. त्या स्वरांवरून मी पेटीवर बोटे ठेवीत एकेक नाव शोधून काढले. ‘अपाचे’ पहिल्याच संध्याकाळी सापडली. सात चालींपुढची जागा मात्र अजून कोरी आहे. त्यांतली एक, फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी रात्री पाऊण वाजता एकतीस मीटरवर ऐकलेली, पेटीवर वाजवली की फार सुंदर वाटते.