विरारच्या पलीकडचे भाकीत

पावसाळा सरू लागला की आमच्या स्टाफरूममध्ये एक पैज लागते. येत्या रणजी मोसमात मुंबईच्या नवोदितांपैकी कोण चमकणार? पैज चहाची, आणि हरणारे बहुधा आम्ही सगळेच. आमच्यापैकी दोघे सालवडचे, एक पालघरचा, उरलेले बोईसरला भाड्याने राहणारे. शिकवतो मराठी. त्यामुळे असेल कदाचित, पण अशा चर्चेत आमच्या तोंडी जे शब्द येतात ते थेट पुस्तक-परीक्षणांतले असतात. 'आश्वासक', 'अपेक्षा उंचावणारा', 'पुढील वाटचालीकडे लक्ष राहील' ही विशेषणे पहिल्या कवितासंग्रहाला जितक्या सहजपणे लावली जातात, तितक्याच सहजपणे ती सोळा वर्षांच्या फलंदाजालाही चिकटतात. कवीचा दुसरा संग्रह आला नाही तर कोणी विचारीत नाही. फलंदाजाला मात्र आयुष्यभर विचारले जाते.

मुंबई क्रिकेटचा इतिहास अशा भाकितांच्या अंगाने वाचला तर तो बराच वेगळा दिसतो. १९८७ साली मुंबई क्रिकेट असोसिएशनचा सर्वोत्तम कुमार खेळाडूचा पुरस्कार सचिन तेंडुलकरला मिळाला नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये कसोटीतला दहा हजारावा धावटप्पा सर्वप्रथम ओलांडणाऱ्या सुनील गावसकरांनी त्या मुलाला पत्र लिहिले. या पुरस्काराच्या आजवरच्या मानकऱ्यांत एक नाव सापडणार नाही आणि त्या माणसाचे कसोटीत काही वाईट झालेले नाही, अशा आशयाचे ते सांत्वन होते. ते नाव कोणाचे, हे सांगायला नको.

पुढे फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमच्या तेंडुलकर (नाबाद ३२६) आणि विनोद कांबळी (नाबाद ३४९) यांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. त्या दिवशीच्या धावफलकावरून भाकीत करायचे तर ते कांबळीच्या बाजूने झुकले असते, आणि काही काळ ते खरेही ठरले असते. १९९३ मध्ये त्याने लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतके काढली. त्याच्या १७ कसोटींतली सरासरी ५४.२० आहे, आणि शेवटची कसोटी तो खेळला तेव्हा त्याचे वय तेवीस होते. पण आम्हांला त्या सामन्यातला तिसरा मुलगा अधिक अस्वस्थ करतो. पॅड बांधून बसून राहिलेल्या अमोल मुजुमदारची पाळी आलीच नाही. १९९४ च्या आरंभी हरियाणाविरुद्ध रणजी पदार्पणात त्याने २६० धावा केल्या. प्रथमश्रेणी पदार्पणातला तो त्या वेळचा विश्वविक्रम होता. त्यानंतर अकरा हजारांवर प्रथमश्रेणी धावा झाल्या, भारताची टोपी कधी मिळाली नाही. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला तेव्हा त्या संघाचा प्रशिक्षक तोच होता. १९९४ मध्ये असे भाकीत कोणी केले असते तर त्याला हसले असते.

उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीत वर्षातल्या सर्वोत्तम नवोदिताला काल्डर करंडक देतात. १९७९-८० मध्ये वेन ग्रेट्झकी त्या लीगमध्ये पहिलाच मोसम खेळत होता आणि गुणांत सर्वांत वर बरोबरीत होता. परंतु आधी दुसऱ्या व्यावसायिक लीगमध्ये खेळलेला असल्याने त्याला 'नवोदित' धरले गेले नाही. नवोदित कोण, हेही शेवटी समितीच ठरवते.

आता आमच्या रेल्वेमार्गावरचे दोघे. पृथ्वी शॉ विरारचा. वडिलांबरोबर लोकलने बांद्र्याला जाणारा हा मुलगा नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरिस शील्डच्या एका डावात ५४६ धावा करून मोकळा झाला आणि त्या दिवसापासून त्याच्याविषयी काही न लिहिणारे वृत्तपत्र उरले नाही. शार्दूल ठाकूर पालघरचा, बोईसरच्या तारापूर विद्यामंदिराचा विद्यार्थी. त्याला पाहिले दिनेश लाड यांनी. त्यांनी त्याला बोरिवलीच्या आपल्या शाळेत आणले, एवढेच नव्हे तर स्वतःच्या घरी ठेवून घेतले, कारण रोजचा प्रवासच मुलाला संपवील हे त्यांना दिसत होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये ठाकूरने राजस्थानविरुद्ध रणजी पदार्पण केले तेव्हा लोकल विरारलाच संपत होती. ती डहाणूपर्यंत आली एप्रिल २०१३ मध्ये. पहिल्या चार सामन्यांत त्याला चार बळी मिळाले, सरासरी ८२! त्या मोसमाच्या अखेरीस आमच्या पैजेत त्याचे नाव कोणी घेतले नसते, घेतलेही नाही. दोन वर्षांनी, २०१४-१५ च्या रणजीत, त्याने ४८ बळी घेतले.

ऑक्टोबर २०१८ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध दोघांचेही कसोटी पदार्पण झाले. राजकोटला शॉने १३४ धावा केल्या आणि तो सामनावीर ठरला. पुढच्याच कसोटीत, हैदराबादला, ठाकूर दहा चेंडू टाकून लंगडत बाहेर गेला. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडनंतर शॉ संघाबाहेर पडला. त्याच दौऱ्यात, जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला, ठाकूरने सामन्यात सात बळी घेतले आणि पहिल्या डावात ६७ धावा काढल्या. वॉशिंग्टन सुंदरबरोबरची त्याची १२३ धावांची भागीदारी आम्ही तासिका बुडवून पाहिली, हे आता कबूल करायला हरकत नाही. शॉचे पुस्तक मिटले असे मात्र आम्ही म्हणणार नाही. २०२५ मध्ये तो मुंबई सोडून महाराष्ट्राकडून खेळू लागला आणि त्याने चंडीगडविरुद्ध द्विशतक काढले.

ठाकूरचे उदाहरण आमच्याकडे फार सोयीने वापरले जाते. 'जिद्द असेल तर पालघरहूनही जाता येते' असे आमच्याच एका स्नेहसंमेलनात आम्हीच बोललो आहोत. ऐकणाऱ्यांत सालवडचा एक विद्यार्थी होता, डावखुरा, चेंडू आत आणणारा. दोनदा मुंबईला निवड-चाचणीस गेला. पहिल्या वेळी गाडी उशिरा पोचली, दुसऱ्या वेळी त्याच्या वाट्याला सहा चेंडू आले. तिसऱ्या वेळेपर्यंत त्याला औद्योगिक वसाहतीत पाळीचे काम मिळाले होते. त्याच्याकडे जिद्द नव्हती असे म्हणण्याचा धीर आम्हांला होत नाही. त्याच्याकडे बोरिवलीत निजायला जागा नव्हती.

परवा तो फाटकापाशी भेटला, रात्रपाळी करून परतत होता. पैजेसाठी नाव सुचव म्हटले, तर त्याने मुंबईच्या संघातले एकही घेतले नाही. बोईसरच्या एका शाळेतल्या नववीच्या मुलाचे घेतले. रविवारी तो त्याला स्वतः गोलंदाजी टाकतो म्हणे. आमच्यापैकी कोणीही त्या मुलाला अजून खेळताना पाहिलेले नाही.