सफारीतील कॅमेरा-आधार

सफारीतील कॅमेरा-आधार : वन्यजीव सफारीत लांब पल्ल्याची जड लेन्स स्थिर ठेवणारी साधने. बीनबॅग, मोनोपॉड, ट्रायपॉड व त्यांवर बसवायची हेड ही त्यांतील प्रमुख होत. निवड करताना कॅमेऱ्याच्या आधी वाहन विचारात घ्यावे लागते.

गरज : शटरचा वेग निदान केंद्रांतराच्या व्यस्तांकाइतका असावा, असा जुना ठोकताळा आहे, म्हणजे 500 मिमी. लेन्सला 1/500 सेकंद. प्राण्यांची वर्दळ मात्र पहाटे व सांजवेळी, अपुऱ्या उजेडात जास्त असते. लेन्समधील कंपनरोधक यंत्रणा हाताची थरथर सावरते, वजन पेलत नाही. निकॉनची 200–500 मिमी. लेन्स सुमारे 2.3 किग्रॅ. भरते. बांबूत बसलेला वाघ उठेपर्यंत ती डोळ्याशी धरून राहिल्यास दंड भरून येतात आणि नेमक्या क्षणी फोटो हलतो.

उघडी जिप्सी : ताडोबा-अंधारीसारख्या व्याघ्रप्रकल्पात सफारीदरम्यान गाडीतून उतरण्यास मनाई असते. सहा पर्यटक, चालक व गाइड बसलेल्या जिप्सीत ट्रायपॉडचे पाय पसरायला जागाच उरत नाही. तेथे बीनबॅग सर्वांत उपयोगी. दोन कप्प्यांची पिशवी गाडीच्या दांडीवर खोगिरासारखी बसते. लेन्स तिच्यात किंचित दाबून बसवावी. लेन्सचा पाया टोचत असल्यास कॉलर फिरवून तो वर घ्यावा. तांदूळ किंवा वाटाणे भरल्यास पकड घट्ट येते. थर्माकोलचे मणी हलके, पण मोठ्या लेन्सखाली दबतात. प्रवासात पिशवी रिकामी न्यावी व मुक्कामी भरावी. धान्य भिजल्यास बदलावे. मोनोपॉड सीटच्या कडेला टेकवून बाजू झटपट बदलता येते. त्यावर पुढे-मागे झुकणारे हेड पुरते.

इतर ठिकाणे : केनियातील मसाई माराच्या उचलत्या छताच्या गाड्यांत बीनबॅग छताच्या कडेवर ठेवतात. तेथील छोट्या विमानांत सामानाची मर्यादा बहुधा 15 किग्रॅ. असल्याने रिकामी पिशवी सोयीची पडते. भिगवणला उजनीच्या पाण्यात रोहित पक्षी टिपताना होडीच्या काठावर ठेवलेल्या बीनबॅगमुळे कॅमेरा पाण्यालगत आणता येतो. ट्रायपॉड होडीचे हेलकावे थेट कॅमेऱ्यापर्यंत पोहोचवतो. लपणगृहात किंवा स्थिर जमिनीवर मात्र ट्रायपॉड व गिम्बल हेड ही जोडी उत्तम. गिम्बलवर लेन्स गुरुत्वमध्याशी तोलली जाते, त्यामुळे उडता पक्षी बोटाच्या हलक्या दाबाने टिपत नेता येतो.

वापर : चालू इंजिनाची कंपने दांडीतून बीनबॅगमध्ये उतरतात, म्हणून फोटो घेताना इंजिन बंद करण्याची विनंती चालकाला करावी. सहप्रवाशांच्या हालचालीनेही गाडी डुलते. आधी खूण ठरवून सर्वांनी काही क्षण स्थिर राहिल्यास साऱ्यांचेच फोटो सुधारतात. कोणताही आधार प्राण्याची हालचाल थांबवत नाही. धावत्या हरणासाठी आयएसओ वाढवून शटरचा वेगच वाढवावा लागतो.