तळटीप : खोलीतला सर्व्हर
३. लेखक वाशिमच्या खोलीत चालवत असलेले हे वर्गणीचे अ‍ॅप अजून जगाला दिसत नाही, कारण ते ज्यावर चालते तो १२७.०.०.१ हा ज्याच्या त्याच्या संगणकाचा स्वतःचाच पत्ता. रेझरपे या ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेची ‘टेस्ट’ किल्ली सेटिंगच्या फाइलीत घातली की वर्गणी ‘भरली’ जाते, खात्यातून मात्र दमडीही जात नाही. खरी मेख पुढे आहे. पैसे जमा झाल्याचा निरोप, म्हणजे वेबहुक, बाहेरून येतो आणि त्याला खोलीचे दार सापडत नाही. म्हणून एनग्रॉकसारखा तात्पुरता बोगदा उघडावा लागतो. नवखे नेमके हेच विसरतात, मग पैसे भरलेला वर्गणीदारही पडद्यावर थकबाकीदारच दिसतो. लेखकाने पुढे उल्लेखिलेली १५,००० रुपयांची मर्यादा रिझर्व्ह बँकेची, जून २०२२ची : तेवढ्या रकमेपर्यंतच्या नियमित कपातीला दर वेळी ओटीपी लागत नाही, २४ तास आधी सूचना मात्र द्यावी लागते. — संपा.