ऐच्छिक अवलंबित्व की उगमाशी दुरुस्ती? ‘एक्सझेड’ प्रकरणाचा धडा

संगणकावरील बहुतेक प्रोग्राम इतरांनी लिहिलेल्या लायब्ररींच्या आधाराने चालतात. या नात्याला अवलंबित्व म्हणतात. प्रोग्राम जिथे लिहिला जातो, तो मूळ प्रकल्प म्हणजे ‘अपस्ट्रीम’. तेथील प्रोग्राम घेऊन त्याची पॅकेजेस बांधण्याचे काम डेबियन, फेडोरा यांसारखी लिनक्स वितरणे करतात.

दोन मार्ग

एखादी सोय मूळ प्रोग्राममध्ये नसेल, तर वितरण स्वतःच्या प्रतीला ठिगळ, म्हणजे ‘पॅच’, लावू शकते. काम लगेच होते. पण प्रत्येक नव्या आवृत्तीला ते ठिगळ पुन्हा जुळवावे लागते आणि मूळ लेखकांची नजर त्यावर असतेच असे नाही. दुसरा मार्ग म्हणजे बदल उगमाशीच करून घेणे. त्याला वेळ लागतो, प्रसंगी नकारही मिळतो. मात्र स्वीकार झाल्यास लाभ सर्वांना होतो.

‘ऐच्छिक’ कोणासाठी?

अवलंबित्व ऐच्छिक ठेवले की प्रश्न सुटतो, असे वाटते. परंतु अनेक पर्याय प्रोग्राम बांधतानाच निवडावे लागतात. वितरणाने एकदा होकार दिला, की लेखकाने ऐच्छिक ठेवलेली लायब्ररी त्या पॅकेजच्या प्रत्येक वापरकर्त्याच्या संगणकावर येते.

२०२४ चे उदाहरण

दूरस्थ संगणकाशी सुरक्षित संपर्क साधणाऱ्या ‘ओपनएसएसएच’ला ‘एक्सझेड’ या संक्षेपण साधनाची गरज नव्हती. मात्र सेवा सुरू झाल्याची वर्दी ‘सिस्टमडी’ला देता यावी, म्हणून काही वितरणांनी ओपनएसएसएचला पॅच लावून ‘लिबसिस्टमडी’ जोडली होती. तिच्यामागून एक्सझेडची लायब्ररीही आली. एक्सझेडच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत दडवलेला चोरदरवाजा याच वाटेने ओपनएसएसएचपर्यंत पोहोचला. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, हे लक्षात आल्याने आंद्रेस फ्रॉइंड यांनी शोध घेतला आणि २९ मार्च २०२४ रोजी तो उघड केला. तोवर या आवृत्त्या प्रामुख्याने वितरणांच्या चाचणी शाखांपर्यंतच पोहोचल्या होत्या.

त्याच वर्षी दोन्हीकडे उगमाशी दुरुस्ती झाली. ओपनएसएसएच ९.८ मध्ये ही वर्दी देण्याची सोय लिबसिस्टमडीविना आली, कारण त्यासाठी एक छोटा संदेश पाठवणे पुरेसे होते. सिस्टमडीच्या २५६ व्या आवृत्तीपासून संक्षेपणाच्या लायब्ररी गरज पडेल तेव्हाच उघडल्या जातात. यालाही किंमत आहे: असे अवलंबित्व नेहमीच्या तपासणीत दिसत नाही, म्हणून त्याची वेगळी नोंद ठेवावी लागते.

तात्पर्य

उगम नेहमीच निर्मळ असतो, असे नाही. एक्सझेडमध्ये विष उगमाशीच कालवले गेले होते. तरीही साखळी जितकी आखूड, तितके ते पसरण्याचे मार्ग कमी. म्हणून पॅच हा तात्पुरता उपाय मानावा आणि तो लावल्याबरोबर मूळ प्रकल्पाकडेही पाठवावा. कोणतीही लायब्ररी जोडण्यापूर्वी तिच्यामागून आणखी काय येते, हे पाहणे पॅकेज बांधणाऱ्याचे पहिले कर्तव्य ठरते.