निळी झाक

जुनी लेन्स घेण्याआधी मी तिच्यातून टॉर्चचा उजेड आरपार पाहतो. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी; दुधाळ धुरकटपणा असेल तर बहुधा आतल्या वंगणाची वाफ काचेवर बसलेली. बारीक धूळ किंवा पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडा फोटोत सहसा उमटत नाही, भाव पाडायला मात्र उपयोगी पडतो.

एकदा दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या एका लेन्सवर निळसर-जांभळी झाक दिसली. दुकानदार ओशाळून म्हणाला, "पॉलिश करून देतो." मी घाईघाईने नको म्हटलं.

यॉर्कच्या कुक कंपनीतल्या डेनिस टेलर यांना १८९०च्या दशकात अशाच डागाळलेल्या भिंगांतून नव्या भिंगांपेक्षा जास्त उजेड पलीकडे जाताना आढळला होता. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग चार-पाच टक्के उजेड परतवतो, आणि टेलर यांच्याच प्रसिद्ध तीन भिंगांच्या लेन्सला असे पृष्ठभाग सहा. हवेने डागाळलेल्या काचेवर जो विरळ थर तयार होतो, तो हे परावर्तन घटवतो. १९०४ मध्ये टेलर यांनी रसायनाने मुद्दाम काच डागाळण्याचं पेटंट घेतलं, पण सगळ्या काचांवर परिणाम सारखा होईना. १९३५ मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वातात पातळ थर चढवण्याची रीत काढली, आणि आजची कोटिंग्ज तिच्यातूनच आली.

लेन्स मी घेतली. झाकेच्या नादात टॉर्च लावायचा राहिला. मागच्या भिंगाच्या कडेची बुरशी घरी आल्यावर दिसली.